डीटूर (१९४५): गाडीचं स्टीअरिंग उजवीकडे कसं? आणि अल खरं बोलतोय का?

रानजाई:
परवा रात्री झोप लागत नव्हती म्हणून यूट्यूबवर जुने इंग्रजी पिक्चर चाळत बसले होते आणि त्यात डीटूर सापडला, १९४५चा, ब्लॅक अँड व्हाइट, लांबी बघितली तर सव्वा तासाच्याही आत, म्हटलं निम्मा बघू आणि झोपू. संपला तेव्हा दोन वाजले होते आणि मग तीनपर्यंत आढ्याकडे बघत पडले होते. ज्यांना आधी बघायचाय त्यांनी पुढे वाचू नका, मी सगळी गोष्ट सांगतेय.

अल रॉबर्ट्स नावाचा एक माणूस न्यूयॉर्कच्या क्लबात पियानो वाजवतो. त्याची मैत्रीण सू तिथेच गाते, ती नशीब काढायला हॉलिवूडला निघून जाते. याच्याकडे तिकिटाला पैसे नाहीत, म्हणून हा लिफ्ट मागत मागत अख्खी अमेरिका ओलांडायला निघतो. ॲरिझोनात हॅस्केल नावाचा एक बुकी त्याला आपल्या उघड्या गाडीत घेतो, जेवू घालतो, रात्री अल गाडी चालवत असतो, पाऊस येतो, टप वर करायला म्हणून हा गाडी थांबवतो, हॅस्केलच्या बाजूचं दार उघडतो आणि तो बाहेर पडतो, डोकं दगडावर आपटतं, मेलेला. पोलीस आपल्यावर विश्वास ठेवणार नाहीत म्हणून अल प्रेत लपवतो आणि त्याचे कपडे, पैसे, गाडी, नाव सगळं घेऊन पुढे निघतो. दुसऱ्या दिवशी पेट्रोल पंपापाशी एक मुलगी दिसते, तिला लिफ्ट देतो. ती थोडा वेळ झोपते आणि मग एकदम उठून विचारते, की प्रेत कुठे टाकलंस? कारण ती आधी हॅस्केलच्याच गाडीतून आलेली असते. ही व्हेरा. इथून पुढे मी श्वास रोखून बघत होते.

आता प्रश्न. एक, अल सुरुवातीला लिफ्ट मागतो त्या सीनमध्ये गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने चालल्यात आणि ड्रायव्हर उजवीकडे बसलाय. आधी माझ्या लक्षातच आलं नाही, कारण आपल्याकडे तसंच असतं, पण नंतर हॅस्केल डावीकडे बसून चालवताना दिसला आणि मी मागे जाऊन परत बघितलं. हे अमेरिकेत कसं काय? दोन, न्यूयॉर्कमध्ये अल आणि सू क्लबातून घरी चालत जातात तेव्हा एवढं दाट धुकं आहे की रस्ताच दिसत नाही, फक्त दिव्याचे खांब, ते मुद्दाम आहे का? तीन, हा पिक्चर सहा दिवसांत आणि वीस हजार डॉलरमध्ये केला असं बऱ्याच ठिकाणी लिहिलंय, ते खरं आहे का? आणि चौथा, ज्याच्यामुळे झोप लागली नाही. अल जे सांगतोय ते आपण खरं धरायचं का?

एकपडदा:
छान धागा काढलात. या पिक्चरवर माझा फार जीव आहे त्यामुळे जरा लांब लिहितो.

स्टीअरिंगचं उत्तर सोपं आहे. त्या शॉटची निगेटिव्ह उलटी करून छापलीय, आरशात दिसावं तसं. न्यूयॉर्क नकाशात उजवीकडे, लॉस एंजेलिस डावीकडे, त्यामुळे अल पडद्यावर सतत उजवीकडून डावीकडे जाताना दिसायला हवा, नाहीतर बघणाऱ्याला वाटणार की हा परत घरी निघाला. शूट झालं होतं उलट्या दिशेने. परत माणसं आणि गाड्या घेऊन रस्त्यावर जायला पैसा कुठला, मग फिल्मच उलटवली आणि दिशा बरोबर झाली, पण गाड्या डाव्या बाजूने धावायला लागल्या आणि अल ड्रायव्हरच्या बाजूने गाडीत चढायला लागला. अमेरिकन प्रेक्षकाला ते खटकतं. आपल्याला खटकत नाही हे तुमचं निरीक्षण मला फार आवडलं, इतक्या वेळा बघूनही मी असा विचार केला नव्हता.

धुकं मुद्दामच आहे. न्यूयॉर्कचा रस्ता उभारायला पैसे नाहीत, मग दोन खांब, एक पाटी आणि बाकी सगळं धुकं. पण तो सीन परत बघा, दोघं लग्नाबद्दल बोलतायत, तिला थांबायचं नाहीये, याला काही दिसत नाहीये. तिथे खराखुरा भरगच्च रस्ता असता तर सीन इतका एकटा वाटला असता का? एडगर उल्मर या डायरेक्टरची हीच ताकद होती. जन्म १९०४, ऑस्ट्रिया-हंगेरीतल्या ओलोमोउत्सचा, वाढला व्हिएन्नात. १९३४ साली युनिव्हर्सलमध्ये कार्लोफ आणि लुगोसी या भयपटांतल्या दोन्ही नावाजलेल्या नटांना एकत्र घेऊन ब्लॅक कॅट केला, तो चालला, आणि त्याच सुमारास शर्ली नावाच्या बाईच्या प्रेमात पडला जी युनिव्हर्सलच्या मालकाच्या, कार्ल लेमलेच्या, भाच्याची बायको होती. तिने घटस्फोट घेऊन उल्मरशी लग्न केलं आणि मोठ्या स्टुडिओंची दारं याला जवळपास बंद झाली. पुढे आयुष्यभर ती त्याच्या पिक्चरांवर त्याच्याबरोबर काम करत राहिली. डीटूर केला तो पीआरसी नावाच्या कंपनीसाठी, हॉलिवूडात अशा कंपन्यांच्या वस्तीला पॉव्हर्टी रो म्हणायचे, दरिद्री आळीच म्हणा ना.

सहा दिवस आणि वीस हजार ही दंतकथा आहे. सहा दिवसांचं उल्मर स्वतःच मुलाखतीत सांगायचा. नोआ आयझेनबर्ग म्हणून अभ्यासक आहेत, त्यांनी जुनी कागदपत्रं शोधली तर खर्च लाख डॉलरच्या आसपास निघतो आणि शूटिंगही सहा दिवसांपेक्षा बरंच जास्त चाललेलं दिसतं. तरी तुलना करा, आदल्याच वर्षीच्या डबल इन्डेम्निटीला नऊ लाखांच्या वर लागले होते. म्हणजे गरिबी खरीच होती, दंतकथेइतकी नव्हती एवढंच. मला तर खरा आकडा कळल्यावर उल्मरबद्दल जास्त आदर वाटला. सहा दिवसांत उरकलं म्हटलं की लोक नशिबाने जमून गेलं असं समजतात, आणि त्या माणसाने शॉट न् शॉट विचार करून लावलाय.

वाळवंटी_मराठी:
मी फिनिक्सला असतो, अकरा वर्षं झाली. इथून लॉस एंजेलिसला गाडीने सहा तास, वाटेत वाळवंट आणि वाळवंटच. हा पिक्चर मी इथे आल्यावर बघितला आणि त्यातली एक गोष्ट बघून अंगावर काटा आला ती इथे कोणी लिहिणार नाही म्हणून लिहितो.

अल मेलेल्या माणसाचे कपडे घालून त्याच्या गाडीतून कॅलिफोर्नियाच्या हद्दीवर येतो तेव्हा तिथे इन्स्पेक्टर त्याला थांबवतो आणि विचारतो, फळं, भाज्या काही आहे का, कोंबड्या, जनावरं काही आहेत का. हे अजूनही तसंच आहे! कोलोरॅडो नदी ओलांडून ब्लाइदला शिरलात की नाका लागतो, शेतीवर बाहेरची कीड येऊ नये म्हणून बाहेरून येणाऱ्या फळांची चौकशी होते. एकदा मागच्या सीटवर आंब्यांची पेटी होती आणि खिडकी खाली करताना माझ्या छातीत धडधडत होतं, आणि तेव्हा मला अल आठवला. आंब्यासाठी एवढी धडधड तर त्याचं काय झालं असेल. पिक्चरमध्ये तो सीन काही सेकंदांचा आहे, कोणी आवाज चढवत नाही, संगीत वाजत नाही, सरकारी माणूस रोजचे प्रश्न विचारतो आणि जाऊ देतो. पण आता कागदावर हॅस्केल जिवंत आहे आणि अल हॅस्केल झालाय, परत फिरायचा रस्ता तिथे बंद झाला.

बाकी गाडीतले बहुतेक सीन स्टुडिओतलेच आहेत, गाडी जागेवर उभी आणि मागच्या पडद्यावर रस्त्याची फिल्म चालू. थोडे बाहेरचे शॉट कॅलिफोर्नियातच लँकेस्टरच्या बाजूच्या वाळवंटात घेतलेत. पण तो मागचा पडदा मला कधी खोटा वाटला नाही, कारण या रस्त्यावर संध्याकाळी एकट्याने गाडी चालवताना खरोखर तसंच वाटतं, आपण जागेवर आहोत आणि वाळवंट मागे सरकतंय.

घाटवाट:
चौथ्या प्रश्नावर मी बोलतो, कारण माझा धंदाच तो आहे. तालुक्याच्या कोर्टात वीस वर्षं फौजदारी वकिली करतोय.

अलची गोष्ट म्हणजे आरोपीचा जबाब आहे, पहिल्यापासून शेवटपर्यंत. पिक्चरमध्ये त्याच्या तोंडून आल्याशिवाय आपल्याला काहीच कळत नाही. पिक्चरच्या सुरुवातीला नेवाडातल्या एका हॉटेलात तो कॉफी पीत बसलाय, ज्यूकबॉक्सवर जुनं गाणं लागतं, दिवे मंद होतात, तोंडावर अंधार आणि फक्त डोळ्यांवर उजेडाची पट्टी राहते आणि हा सांगायला लागतो. कोणाला सांगतोय? आपल्याला. आणि कसं सांगतोय बघा, मध्येच थांबून म्हणतो की तुमचा माझ्यावर विश्वास बसणार नाही, मला माहितीये तुम्ही काय म्हणणार. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जो माणूस न विचारता असं बोलायला लागतो ना त्याच्याकडे न्यायाधीश चष्म्यावरून बघतात.

मुद्दे घ्या. दोन मृत्यू. दोन्ही वेळी तिथे अल सोडून तिसरं कोणी नाही. दोन्ही अपघात. पहिल्यात माणूस गाडीचं दार उघडल्यावर पडला आणि नेमका दगड डोक्याला लागला. दुसऱ्यात व्हेरा दारू प्यायलेली, पोलिसांना फोन करते म्हणून फोन घेऊन आतल्या खोलीत पळते आणि आतून कडी लावते, फोनची लांब वायर तिच्या गळ्याभोवती गुंडाळली जाते, हा बाहेरून दाराखालून वायर ओढतो, फोन तुटावा म्हणून, आणि दार फोडून आत जातो तर ती गेलेली. एक अपघात मी मानेन. दुसऱ्या अपघाताला मी कागद बाजूला ठेवून अशिलाला विचारीन की आता खरं काय ते सांग.

शिवाय वागणूक बघा. घाबरलेला माणूस पळतो. हा पळाला नाही, याने प्रेत झुडपात ओढलं, कपडे बदलले, पाकीट घेतलं. हॅस्केल वाईट होता, व्हेरा वाईट होती, सू मला सोडून गेली, नशीब वाईट. सगळ्यांवर आळ आहे, एक तो सोडून. मी असे जबाब शेकड्याने वाचलेत.

मधली_सुट्टी:
घाटवाट, तुमचं म्हणणं पटण्यासारखं आहे आणि बऱ्याच समीक्षकांनीही तसंच लिहिलंय, पण मला ते मनापासून मान्य होत नाही आणि का ते सांगते.

अल खोटारडा म्हटलं की पिक्चर कोडं होऊन बसतं, सुटलं की संपलं. मला तो गरीब माणसाची गोष्ट वाटतो. क्लबात कोणीतरी त्याला दहा डॉलरची टिप देतो तेव्हा तो खूश होत नाही, त्या नोटेकडे बघून म्हणतो की जंतू वळवळणारा कागदाचा तुकडा आहे हा. ज्याच्या हातात कधी पैसा टिकला नाही तोच असं बोलतो. मग रस्त्यात माणूस मेल्यावर पोलिसांकडे का गेला नाहीस असं विचारणं सोपं आहे. खिशात दमडी नाही, ओळख नाही, दुसऱ्याच्या भारी गाडीत बसलेला मळका माणूस, त्याचं कोण ऐकणार? तुम्ही कोर्टात रोज बघता ना, ज्याच्या मागे कोणी नाही तो आधी पळतो आणि मग पळाला म्हणून दोषी ठरतो. माझे वडील एसटीत कंडक्टर होते. एकदा हिशोबात पैसे कमी आले, त्यांनी घेतले नव्हते, पण साहेबापुढे उभं राहिल्यावर त्यांच्या तोंडून शब्द फुटेना आणि त्याचाच अर्थ कबुली असा काढला गेला. तो चेहरा मी अलचं काम करणाऱ्या टॉम नीलच्या तोंडावर बघितला. म्हणून मला अल खरा वाटतो. भित्रा आहे, कटकट करतो, नशिबाला बोल लावतो, पण खरा.

आणि व्हेराबद्दल कोणी काहीच कसं लिहिलं नाही? ॲन सॅव्हेज. ती पिक्चरच्या जवळजवळ मध्यावर येते आणि त्याच्या आधीचं सगळं पुसून टाकते. गाडीत मान वळवून पहिल्यांदा त्याच्याकडे बघते ती नजर! त्या काळी नट्यांना मऊ उजेडात, केस न् केस बसवून दाखवायचे आणि इथे उल्मरने तिच्या केसांना कोल्ड क्रीम फासायला लावलं, केस धुळीने राठ झालेले दिसावेत म्हणून. ती सतत खोकते, आजारी आहे, हे तिला माहितीये, कदाचित फार दिवस उरले नाहीत हेही माहितीये. म्हणून एवढी घाई, एवढा राग. रात्री त्या भाड्याच्या खोलीत दारू पिऊन ती अलच्या खांद्यावर हात ठेवते आणि तो झटकतो, तिथे क्षणभर तिचा चेहरा बघा. दुष्ट बाई म्हणून तिला निकालात काढणाऱ्यांनी तो क्षण बघितलेला नाही.

घाटवाट:
वडिलांचं वाचून गप्प झालो. मान्य, खरं बोलणारा माणूससुद्धा अडखळतो, आणि कोर्टात ते आम्ही लक्षात ठेवायला हवं. तरीही दुसऱ्या अपघातावर माझं मत तेच.

एकपडदा:
दोघांचं वाचून बरं वाटलं. एक जोडतो. मार्टिन गोल्डस्मिथने १९३९ साली आधी कादंबरी लिहिली आणि पटकथाही त्यानेच लिहिली. कादंबरीत एक प्रकरण अलच्या तोंडून आणि एक सूच्या तोंडून असं चालतं, म्हणजे तिची बाजू कळते. पिक्चरमध्ये ती बाजू काढून टाकली, सू फोनवर आहे त्या सीनमध्येसुद्धा आपल्याला तारा दिसतात, एक्स्चेंजमधल्या मुली दिसतात, बोलतो फक्त अल. कादंबरी एवढ्या छोट्या पिक्चरात मावणार नव्हती हे खरं, पण झालं काय तर एकच आवाज उरला, आणि म्हणून आज आपण भांडतोय.

शेवटी पोलिसांची गाडी येऊन त्याला घेऊन जाते, ते त्या काळच्या सेन्सॉर कोडमुळे. गुन्हा केलेला माणूस मोकळा सुटलेला दाखवायचा नाही असा नियम होता. पण उल्मरने ते कसं केलंय, अल आधी म्हणतो की एक दिवस मी न मागता एक गाडी माझ्यासाठी थांबेल, आणि मग ती थांबते. घडतंय की त्याच्या मनात चाललंय ते ठरवता येत नाही. नियम पाळला आणि पिक्चरही वाचवला.

टॉम नीलच्या पुढच्या आयुष्याबद्दल वाचणं जड जातं. १९५१ला एका नटीवरून फ्रँचॉट टोन या नटाला इतकं मारलं की तो हॉस्पिटलात गेला, याचं काम बंद झालं. १९६५ला याची बायको गोळी लागून मेली, सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली, सहा वर्षं आत होता, सुटला आणि १९७२ला गेला. त्याच वर्षी उल्मरही गेला. ॲन सॅव्हेज मात्र २००८पर्यंत होती, आणि म्हातारपणी माय विनिपेग या पिक्चरमध्ये तिने परत काम केलं, तेही असंच कडक.

रानजाई, तुम्ही यूट्यूबवर कुठली कॉपी बघितली? कॉपीराइट वेळेत रिन्यू केला नाही म्हणून पिक्चर सगळ्यांसाठी मोकळा झाला आणि त्याच्या वाटेल तशा कॉप्या फिरतात, अर्ध्याअधिक धुरकट. २०१८ला नीट दुरुस्त केलेली प्रिंट आली. बेल्जियममध्ये जुन्या नायट्रेट फिल्मवरची एक चांगली प्रिंट सापडली होती पण तिच्यावर फ्रेंच आणि फ्लेमिश सबटायटल छापलेली होती, ती फ्रेम फ्रेम करून पुसली. ती बघा. आवडलं तर पुढे नॅरो मार्जिन (१९५२) आणि आयडा लुपिनोचा हिच-हायकर (१९५३), दोन्ही असेच छोटे आणि घट्ट.

रानजाई:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री दुरुस्त केलेली प्रिंट बघितली, नवऱ्यालाही बसवलं शेजारी. मी आधी बघितलेल्या कॉपीत सगळं राखाडी होतं, आता व्हेराच्या बोटांची नखंसुद्धा दिसत होती. आणि ती मेल्यावरचा शॉट! कॅमेरा खोलीतून फिरतो, एकेका वस्तूवर थांबतो, वस्तू धूसर होते, मग स्पष्ट, मग पुढची धूसर. आधी मला वाटलं होतं कॉपीच खराब आहे. ते मुद्दाम होतं, अलचे डोळे एकेक वस्तू नीट बघायचा प्रयत्न करतायत आणि जमत नाहीये. एका खोलीत, कापाकापी न करता. मधली_सुट्टी, तो शॉट बघून मी तुमच्या बाजूला आले. नवरा घाटवाट यांच्या बाजूला आहे.

आता एक नवीन डोक्यात आलंय. माझ्या सासऱ्यांना जुने हिंदी ब्लॅक अँड व्हाइट पिक्चर फार आवडतात पण इंग्रजी समजत नाही. पिक्चर मोकळाच आहे तर मराठी सबटायटल मी करू का? पहिली दहा मिनिटं करून बघितली, अलचं बोलणं जमतंय, व्हेरापाशी अडलेय. तिला कसं बोलवायचं?

मधली_सुट्टी:
करा करा! ती अलला पहिल्या वाक्यापासून अरेतुरे करणार, त्यात शंका नाही, आणि हा बिचारा सुरुवातीला "तुम्ही" म्हणेल आणि प्रेताचं ऐकल्यावर "तू" वर येईल. पण ते दोघं मिस्टर आणि मिसेस हॅस्केल म्हणून खोली भाड्याने घेतात, गाडी विकायला जातात, तिथे बाहेरच्या माणसांसमोर तिने त्याला "अहो" म्हणावं असं मला वाटतं. चारचौघांत अहो आणि दार लागलं की अरे. इंग्रजीत हे करताच येत नाही, आपल्याकडे एका अक्षरात होतं.

रानजाई:
अहो आणि अरे! जमलं. गाडीच्या दुकानातला सीन आज रात्रीच घेते.

वाळवंटी_मराठी:
नाक्यावरचा इन्स्पेक्टर मला द्या, तेवढी तीन वाक्यं मी करतो.